चार बोटं आणि एक वीत

जुलै २०२२. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, आणि असा पाऊस लागला की आमच्या टायरच्या दुकानात सकाळी सातपासून गिऱ्हाईक असतं. त्या शनिवारी मी शटर वर करतोय तोच टोइंगवाल्याने एक लांबलचक सेदान दारात आणून सोडली. डावीकडचे दोन्ही टायर गेलेले. पाण्याने भरलेला खड्डा रात्री दिसला नाही, एवढीच हकिगत. पुढच्या टायरला लिंबाएवढा फुगा, मागचा पार बसलेला, अलॉयची कड आत वाकलेली.

पोराने टायर मशीनवर चढवला तेवढ्यात डॉक्टर आले. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. हाडांचे डॉक्टर, दवाखाना जवळच, गाड्यांचा मनापासून नाद. रेनकोटच्या आतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवला.

"सोमवारी सही करायची आहे. एकदा तुमची नजर घाला."

पोर्शे टायकान. पूर्ण विजेवरची गाडी, फक्त मागच्या चाकांना मोटर असलेलं सुरुवातीचं मॉडेल. खाली निवडलेल्या गोष्टींची यादी होती. चाकं २१ इंची, खूण केलेली. मागची चाकं वळण्याची सोय, खूण नाही.

"उरलेल्या पैशात दोन्हीपैकी एकच बसतंय," डॉक्टर म्हणाले. "२१ इंचात ती गाडी काय दिसते, तुम्ही बघाच. आणि मागची चाकं वळून वळून किती वळतात, तर २.८ अंश. तीनसुद्धा नाहीत. त्याने काय होणार आहे?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "डॉक्टर, गुडघा बदलताना तीन अंशांनी काय होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. नव्या गुडघ्याचा अक्ष सरळ रेषेपासून तीन अंशांच्या आत यावा म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर केवढी धडपड असते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, माझ्या आईच्या गुडघ्याच्या वेळी. आमच्याकडेही तसंच आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर आम्ही चाकाचा टो, म्हणजे चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलंय ते, अंशांत बघतच नाही, अंशाच्या मिनिटांत बघतो, एका अंशाची साठ मिनिटं. अर्धा अंश चुकला तर नवा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने खरवडून निघतो. चाकाच्या बाबतीत २.८ अंश हा मोठा आकडा आहे.

पण आधी मला त्यांना तो टायर दाखवायचा होता. गाडीच्या मालकाला फोन करून विचारलं, तो म्हणाला, खुशाल कापा. फुग्याच्या जागी कटरने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चिरली आणि उलटी करून डॉक्टरांच्या हातात दिली. टायरच्या रबरात दोऱ्यांचे पदर असतात. हवेचा दाब आणि वजन ते पेलतात. खड्ड्याची धार खालून आणि रिमची कड वरून, मध्ये साइडवॉल सापडते ती अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी. बाहेरच्या रबरावर ओरखडासुद्धा नव्हता. आत मात्र बोटभर रुंदीत सगळे दोरे तुटून त्यांची टोकं पिंजारलेली होती. डॉक्टरांनी अंगठ्याने ती टोकं चाचपली, फाटलेला लिगामेंट बघावा तशी.

"ही साइडवॉल किती उंच?"

"३५ प्रोफाइलची, म्हणजे टायरच्या रुंदीच्या ३५ टक्के. तुमच्या कागदावरचीही पुढे ३५च."

मग कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. टायकानला १९ इंची चाकं घेतली तर पुढे २२५/५५ आणि मागे २७५/४५ टायर येतात. २२५ मिलिमीटर रुंदीचे ५५ टक्के म्हणजे साइडवॉल जवळजवळ १२४ मिलिमीटर, मागेही तेवढीच. २० इंचीला पुढे २४५/४५, मागे २८५/४०, म्हणजे ११० आणि ११४. २१ इंचीला पुढे २६५/३५, मागे ३०५/३०, म्हणजे ९३ आणि ९२. चाकाचा बाहेरचा घेर तिन्हींत साधारण सारखाच राहतो. रिम वाढतो तेवढं रबर कमी होतं. १९ आणि २१ मध्ये तीन सेंटिमीटर रबराचा फरक आहे, आणि आपल्या पावसाळ्यात तेवढ्याच तीन सेंटिमीटरांवर रिम वाचतो किंवा वाकतो.

त्यात ही विजेची गाडी. वजन दोन टनांच्या वर, बॅटरी तळाशी पसरलेली. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा या वजनाचा तडाखा त्या रबराला बसतो. डिकीत स्टेपनी नाही, टायरमध्ये भरायचा सीलंट आणि कॉम्प्रेसर असतो. खिळा घुसला तर सीलंट चालतो, साइडवॉल फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. आणि रुंद टायरला रस्त्याचा आणि हवेचा विरोध जास्त, त्यामुळे एका चार्जिंगमध्ये गाडी कमी जाते. २१ इंची चाकांची बाजू मी मुळीच खोटी पाडत नाही. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वळणात ती गाडी जशी धरून राहील तशी १९ वर राहणार नाही. रेस ट्रॅकवर जाणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. डॉक्टर रात्री दोनला अपघाताचा पेशंट आला म्हणून निघतात, ट्रॅकवर नाही.

"बरं," ते म्हणाले. "चाकांचं कळलं. वळण्याचं अजून पटत नाही."

"उद्या सकाळी तुमच्याकडे येतो. टेप घेऊन."

चारही चाकं वळवण्याची कल्पना मी पहिल्यांदा शाळेत असताना पाहिली. वडिलांचं तेव्हा रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, दुकान होतं, आणि एका गिऱ्हाइकाने ठेवून दिलेल्या परदेशी मासिकात १९८७ सालच्या होंडा प्रिल्यूडचं कापून दाखवलेलं चित्र होतं. पुढच्या स्टीअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा गेलेला. स्टीअरिंग थोडं वळवलं तर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला, पुष्कळ वळवलं तर उलट्या दिशेला. सगळं यांत्रिक. त्या चित्रावर मी कितीतरी दुपारी काढल्या आहेत. पोर्शेने अशी सोय ९११ या आपल्या स्पोर्ट्स कारला दिली ती २०१३ मध्ये. आता दांडा नाही. मागे चाकं ढकलून वळवणारा, विजेवर चालणारा अॅक्च्युएटर बसतो आणि वेग बघून संगणक ठरवतो. साधारण ५० किलोमीटरच्या खाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, जणू गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड झाला. ८०च्या वर ती पुढच्यांच्या बरोबरीने वळतात, जणू व्हीलबेस लांबला, आणि लेन बदलताना मागचा भाग शांत राहतो.

रविवारी सातला पोचलो. पाऊस थांबला होता, फरशी ओली होती. डॉक्टरांचा बंगला त्यांच्या वडिलांनी बांधलेला. एकच गेट, आत मोठं अंगण, मधोमध गोल तुळशीवृंदावन. त्याला वळसा घालून गाडी पुन्हा गेटकडे तोंड करून उभी करायची, अशी रचना. बाहेर शाळेचा रस्ता असल्यामुळे गाडी उलटी बाहेर काढणं धोक्याचं. अंगणाच्या दोन्ही बाजूंना तिरप्या विटा रोवून कड केलेली, पलीकडे फुलझाडांचे वाफे.

आजी व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टरांच्या आई, वय चौऱ्याऐंशी.

"ह्यांची फियाट एका दमात फिरायची," त्या म्हणाल्या. "हा मात्र रोज पुढे-मागे करतो. आवाज येतो मला आत."

त्यांचं बरोबर होतं. फियाटचा व्हीलबेस २.३४ मीटर. टायकानचा २.९० मीटर, आणि लांबी जवळजवळ पाच मीटर. अंगण फियाटच्या हिशेबाने आखलेलं. डॉक्टरांच्या सध्याच्या गाडीला एकदा मागे घ्यावंच लागत होतं. विटांच्या कडेवर काळे पट्टे होते, आणि दोन-तीन विटांवर अलॉयची चंदेरी भुकटी घासून बसलेली होती. वाकून बोट फिरवलं तर बोटाला लागली.

विटेच्या कडेपासून विटेच्या कडेपर्यंत टेप लावला. ३८ फूट. मीटरमध्ये ११.५८.

टायकानला पूर्ण फिरायला लागणारा व्यास ११.७ मीटर. मागची चाकं वळणारी घेतली तर ११.२. कागदावर अर्धा मीटर म्हणजे कुणी लक्षही देणार नाही. मला तो डॉक्टरांना जमिनीवर दाखवायचा होता. दुकानातून फक्कीची पिशवी आणि न ताणणारी नायलॉनची दोरी आणली होती. दोरीचा सैल फास वृंदावनाभोवती टाकायचा होता. आजींकडे बघितलं.

"चपला काढ, पाय धू, मग टाक," त्या म्हणाल्या.

नळावर पाय धुतले. वृंदावनाच्या मध्यापासून ५.८५ मीटर मोजून दोरीला पहिली गाठ मारली, ५.६० वर दुसरी. डॉक्टरांनी दोरी ताणून धरली आणि ते गोल चालू लागले, मी मागून फक्की सोडत गेलो. आधी बाहेरची रेघ. डावीकडच्या विटांपाशी आलो तेव्हा गाठ विटांच्या पलीकडे गेली. चार बोटं. उजवीकडेही चार बोटं. पुढचं बाहेरचं चाक तिथून जाणार, म्हणजे दर फेरीला विटेवर चढणार किंवा विटेला घासणार. आणि ३५ प्रोफाइलचा टायर असला की विटेला आधी लागते ती रिमची कड.

मग आतली रेघ. विटा आणि फक्की यांच्यामध्ये जागा उरली. मी हात ठेवला. अंगठा विटेला टेकवला, करंगळी ताणली, ती जेमतेम रेघ ओलांडत होती. जवळजवळ एक वीत. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच.

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन्ही रेघांच्या मधून एक पूर्ण फेरी चालून आले, पँटच्या दुमडींना फक्की लागली.

"हे नंतर बसवून मिळेल का?"

"नाही. मागचा अॅक्सल, वायरिंग, संगणक, सगळं कारखान्यातूनच यायला हवं. चाकं तुम्ही कधीही बदलू शकता. माझ्याच दुकानात बदलाल."

एक धोक्याची गोष्टही सांगितली, कारण गाडी विकणारा ती सांगेलच असं नाही. मागची चाकं उलट वळतात तेव्हा गाडीची शेपूट किंचित बाहेर फेकली जाते. पोर्चच्या खांबाला चिकटून गाडी लावली आणि निघतानाच स्टीअरिंग पूर्ण वळवलं, तर मागचा बंपर खांबाला लागू शकतो. हातभर सरळ पुढे यायचं, मग वळायचं. आणि अलाइनमेंट करताना मागच्या चाकांची मधली जागा गाडीच्या संगणकाला पुन्हा शिकवावी लागते. त्याचं उपकरण तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करा, म्हणून स्पष्ट सांगितलं.

बाहेरच्या रस्त्यावर तीन स्पीडब्रेकर आहेत, त्यातला एक फारच उंच. त्यासाठी एअर सस्पेन्शन यादीत आधीच होतं. एखादी जागा लक्षात ठेवायला सांगितली तर गाडी जीपीएसने ओळखून तिथे आपोआप वर उचलली जाते. ते बरंच झालं.

चहा घेताना चाकांवरून पुन्हा वाद झाला. डॉक्टरांची मुलगी आर्किटेक्ट. तिने चित्रं उघडून माझ्यापुढे धरली. "काका, १९ इंचात ती चाकाच्या कमानीत हरवल्यासारखी दिसते. बघा ना." दिसत होती तशी, नाही कसं म्हणू? डोळ्यालाही हक्क आहे. शेवटी २० इंचावर तडजोड झाली आणि मागच्या चाकांच्या ओळीपुढे डॉक्टरांनी माझ्याच पेनाने खूण केली. मला विचाराल तर अजूनही १९च. पुढे १४ मिलिमीटर रबर जास्त मिळालं असतं.

पुढच्या वर्षी गाडी आली त्या संध्याकाळी डॉक्टरांनी फोन करून बोलावलं. आजी व्हरांड्यातच होत्या. मी विटांच्या कडेपाशी उकिडवा बसलो. गाडी आवाज न करता वृंदावनाला वळसा घालू लागली. मागचं चाक पुढच्याच्या उलट कललेलं उघड दिसत होतं. पुढचं चाक माझ्यासमोर आलं तेव्हा मी हात वर केला, डॉक्टरांनी ब्रेक लावला. टायर आणि वीट यांच्यामध्ये हात घातला. अंगठा विटेला, करंगळी रबराला.

"एका दमात?" आजींनी विचारलं.

"एका दमात, आजी."

डॉक्टरांनी फेरी पूर्ण करून गाडी गेटकडे तोंड करून उभी केली. ती थंड झाल्यावर मी पिशवीतून गेज काढलं आणि चारही चाकांची हवा बघितली. मागच्या उजव्या चाकात दोन पौंड कमी होती, ती भरली.