जुना पार्ट मोजून विका

जुनी बाइक खोलून पार्ट विकायचे ठरले की बहुतेक जण जाहिराती चाळतात आणि सगळ्यात वरचा आकडा उचलतात. तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. विकल्या गेलेल्या पार्टचेच भाव बघा. नव्या पार्टची आजची किंमत ही वरची हद्द; मोजमाप दाखवता आलं तर तिच्या निम्म्याच्या आसपास मागायला हरकत नाही. कंपनीने तो पार्ट बनवणंच थांबवलं असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवा.

‘कंडिशन एकदम टॉप’ लिहून कुणी जास्त पैसे देत नाही. स्टेटर घ्या, म्हणजे इंजिनातलं वीज तयार करणारं तारांचं वेटोळं. तीन पिवळ्या वायरींचा असेल तर मल्टिमीटरने दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. तिन्ही जोड्यांना सारखाच आकडा यायला हवा, बहुधा १ ओहमच्या आतला. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायचा, नाहीतर ०.३ चे ०.६ दिसतात. मग मीटर बीपवर लावून एक प्रोब वायरीला, दुसरा कोअरच्या, म्हणजे मधल्या गाभ्याच्या लोखंडाला. इथे बीप वाजला तर वाइंडिंग, म्हणजे तारांचं वेटोळं, बॉडीला लागलंय; तो तांब्याच्या भावात द्यायचा.

ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्कची आत्ताची जाडी व्हर्निअरने मोजताना हमखास फसगत होते, कारण जबडे कडेच्या न झिजलेल्या काठावर बसतात आणि जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर लावा, पाच-सहा ठिकाणी, आणि सगळ्यात कमी आकडा लिहा.

फोर्क पाइपवर (पुढच्या शॉकअपची चकचकीत नळी) सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथून ऑइल गळणारच. क्लॅम्पखाली दबलेल्या भागातला गंज चालतो, पण फोटोत दाखवा.

गिअर जोडीनेच द्या. एकाचे डॉग, म्हणजे शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे बाजूचे दात, गोल झाले असतील तर त्याच्या जोडीदाराचेही बघावे लागतात. इमोबिलायझरवाल्या (ओळखीच्या चावीशिवाय सुरू न होणाऱ्या) गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, चावी आणि लॉकसेटसकट विका; सुटा दिला तर घेणाऱ्याच्या गाडीत तो बहुतेकदा चालूच होत नाही. नंबर कोरलेली चेसिस किंवा क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) कागदपत्रांशिवाय विकूही नका, घेऊही नका. वापरलेले ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट? सरळ भंगारात.

कुरिअरचा खर्च आधी काढा. बरेच कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि येईल तेवढ्या किलोंचे पैसे लावतात. पेट्रोल टाकीचा ६० × ४० × ३५ चा खोका म्हणजे १६.८ किलो, टाकी स्वतः पाच किलोची असली तरी! टाकी आणि कार्बुरेटर पूर्ण रिकामे करून, वास जाईपर्यंत उघडे ठेवा. फेअरिंगचे (बाइकच्या प्लास्टिक कव्हरचे) लग, म्हणजे बसवायचे कान, वाटेत आधी तुटतात, तेव्हा प्रत्येक लगाभोवती वेगळा फोम गुंडाळा.

खोका बंद करण्यापूर्वी पार्टवर आतल्या बाजूला बारीक पंचाची खूण करा आणि तिचा फोटो ठेवा. परत आलेला पार्ट तुमचाच आहे का, हे त्या खुणेवरूनच कळतं.