वहीतला ‘वाया’चा रकाना

दिवाळीहून परत आलो तर मेसवाल्या काकूंनी दोन वेळच्या डब्याचे ३,००० चे ३,५०० केले होते. त्यांची काही चूक नव्हती, डाळ-तेलाचे भाव त्यांनाही लागतातच. पण माझा एमपीएससीचा तिसरा प्रयत्न, रूम पार्टनरचा दुसरा, आणि दोघांची कमाई म्हणजे संध्याकाळच्या शिकवण्या. “हातानं करू ना यार, असं किती अवघड असते?” हे वाक्य पार्टनरचं. पुढचे सहा महिने, दर करपलेल्या फोडणीला, मी ते त्याला ऐकवत आलो.

तो आर्वीचा, म्हणजे ज्वारीवाला. मी ब्रह्मपुरीकडचा, म्हणजे भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं न मानणारा. त्याच्या घरून ज्वारी येणार, माझ्या घरून तांदूळ. मग उरलं काय? डाळ, बेसन, तेल, तिखट-मीठ, भाजी. कागदावर माणशी १,८०० रुपयांत महिना निघत होता. नागपुरात नंदनवनमधल्या खोलीत आम्ही पाच किलोचा सिलिंडर, एकच शेगडी, तीन लिटरचा कुकर, कढई, तवा, परात, दोन गंज (म्हणजे पातेली) आणि एक सराटा (म्हणजे उलथणं) मांडला आणि स्वतःला फार हुशार समजलो.

नोव्हेंबरचा हिशेब निघाला माणशी ४,१००. भांड्यांचे पैसे बाजूला काढले तरी मेसपेक्षा जास्तच. कारण साधं होतं. जेवण बिघडलं की आम्ही खाली उतरून आलूबोंडा नाहीतर अंडाराइस खायचो, म्हणजे एका जेवणाचे पैसे दोनदा. पार्टनर कॉमर्सचा. त्यानं खर्चाच्या वहीत उजव्या पानावर एक रकाना आखला आणि वर लिहिलं: वाया. करपलं, नासलं, सडलं, घशाखाली उतरलं नाही, सगळं तिथं, अंदाजे रुपयांसकट. सरलेला महिना आठवून आठवून भरला तर बेरीज आली ९४०. बाजारात आम्ही दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करत होतो आणि घरात रोजचे तीस रुपये कचऱ्याच्या बादलीत टाकत होतो.

त्या रकान्यातली सगळ्यात मोठी नोंद डाळीची. तुरीच्या मुलखात जन्मलेली दोन माणसं, आणि आमची डाळ काही शिजेना. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, एकदा तर अकरा. वर पाणी, खाली डाळ, दोघांची ओळखच नाही. दुकानदाराशी भांडून झालं, डाळ बदलून झाली, कुकरचं रबर नवं आणलं. आईला फोन केला तर म्हणाली, “काहून रे बाबू, मीठ आधीच टाकतोस का?” टाकत नव्हतो. शेवटी घरमालकीण काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या. त्या म्हणे खालून रोज शिट्ट्या मोजत होत्या. दारातूनच विचारलं, “पाणी कोणतं घेता रे?”

बोअरचं.

“मग जन्मभर नाही शिजत.”

मी बीएस्सी झालेला माणूस. दुष्फेन पाणी, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, सगळं शाळेपासून पाठ. पण परीक्षेत प्रश्न नेहमी साबणाच्या फेसाचा यायचा, वरणाचा कधी आला नाही. हेच क्षार डाळीच्या दाण्याला मऊ होऊ देत नाहीत. तेव्हापासून नळाला पाणी आलं की, म्हणजे आपलं पेंच-कन्हानचं, डाळीसाठी एक कळशी वेगळी भरून ठेवतो. डाळ अर्धा तास भिजवायची, हळद आणि दोन थेंब तेल टाकून तीन शिट्ट्या, आणि मग कुकरला हात लावायचा नाही. आम्ही भुकेच्या घाईत शिटी उचलून वाफ सोडून द्यायचो. बंद गॅसवरचं ते शिजणं फुकटचं असतं, हे सिलिंडर अठराव्या दिवशी संपल्यावर डोक्यात शिरलं. आता तोच सव्वीस दिवस जातो.

डिसेंबरात घरून नवा तांदूळ आला, एचएमटी. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या धानाच्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून हे वाण काढलं आणि तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मी त्या तांदळाचा चिखल केला, ओळीनं तीन दिवस. जुन्या तांदळाच्या सवयीनं वाटीला दोन वाट्या पाणी घालत होतो. नव्याला दीड पुरतं, तेही आधी धुऊन निथळत ठेवला तर. तिसऱ्या दिवशी ताटाकडे बघून पार्टनर म्हणाला, “घड्याळ बंद पडलं.”

चून मात्र आम्हाला लवकर वश झालं. पिठलं म्हणणाऱ्यांनी पिठलं म्हणावं. बेसन कोरडंच कढईत भुरभुरलं की गुठळ्या होतात, म्हणून आधी गार पाण्यात सरसरीत कालवून घ्यायचं. अर्धी वाटी बेसन, एक कांदा, चार मिरच्या, थोडा सांबार, पंधरा-वीस रुपयांत दोघांचं पोट भरतं. सांबारावरून आठवलं, मधे महिनाभर नाशिककडचा एक पोरगा आमच्या खोलीत राहिला. त्याला म्हटलं, दहाचा सांबार घेऊन ये. तो सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आला. कोथिंबिरीला आपल्याकडे काय म्हणतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते पाकीटही रकान्यात आहे.

फोडणीवर फार लिहीत नाही. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही, कडू लागते. आणि हळद-तिखट गॅस बंद केल्यावरच. या एवढ्याशा गोष्टीपायी किती तेल मोरीत गेलं ते वहीत आहे.

भाकरीवर मात्र लिहिलंच पाहिजे. पार्टनरची ठाम समजूत होती की भाकरी रक्तातच असते, आर्वीच्या माणसाला थापता येणारच. पहिली भाकरी परातीतून उचलली आणि तिचे चार तालुके झाले. मग आम्ही पोळ्याच करायला लागलो, म्हणजे घरची ज्वारी पोत्यात आणि गहू विकत. हा मूर्खपणा दोन आठवडे चालला. शेवटी त्याच्या आईनं व्हिडिओ कॉलवर आमचा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. “कोमट नाही रे, उकळतं पाणी. पिठात ओत, सराट्यानं हलव, झाकून ठेव. मग तळहाताच्या टाचेनं मळ, चांगलं जोर लावून. आणि एका वेळी एकाच भाकरीचं मळ.” ज्वारीच्या पिठाला कणकेसारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यानं पीठ फुलतं, तेवढीच काय ती पकड. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा.

जमल्या भाकऱ्या. दहा-बारा दिवस जमल्या. आणि मग पुन्हा फुटायला लागल्या, त्याच पाण्यानं, त्याच हातानं. एवढी चीड मला निगेटिव्ह मार्किंगचीही आली नव्हती. कोडं सोडवलं चक्कीवाल्या भाऊनं. आम्ही चकरा वाचवायला दहा किलो एकदम दळून आणत होतो. तो म्हणाला, “दळण शिळं झालं की विरी जाते भाऊ. थोडं थोडं न्या.” विरी म्हणजे पिठाची पकड. आता दर रविवारी अडीच किलो. माझी भाकरी अजूनही एका बाजूला जाड असते, पण पदर सुटतो.

बाजाराचं गणितही असंच उलटं निघालं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार रात्री आठनंतर उतरतो. वाटे मांडून बसलेल्या बाया घरी जायच्या घाईत असतात. पहिल्या बुधवारी आम्ही पालकाच्या पाच जुड्या आणि तीन किलो टमाटर जिंकून आणल्यासारखे घेऊन आलो. फ्रिज नाही. शुक्रवारपर्यंत खोलीला वास. स्वस्त मिळालं म्हणून आणलेली भाजी सगळ्यात महाग पडते, हे रकान्यानं दाखवलं नसतं तर आम्ही अजून जुड्याच उचलत बसलो असतो. आता पालेभाजी एका दिवसाचीच, बाकी आलू, कांदे, वांगी, कोहळ्याची फोड, आणि घरून आलेल्या मूगवड्या. डाळ-बेसन महिन्यातून एकदा इतवारीतून, मस्कासाथेहून. किलोमागे दहा-बारा रुपये वाचतात, शिवाय तिथं फिरताना आपणही घर चालवतो असं वाटतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सगळंच घरी स्वस्त पडतं, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जानेवारीत आम्ही तर्री-पोह्यांचा घाट घातला. हरभरे रात्रभर भिजवले, कुकरला वीस मिनिटं दिली, मसाला वाटला, आणि तर्रीवर तो लाल तवंग काही येईना. आणण्यासाठी तेल ओतत गेलो. दोन प्लेटींना निम्मी वाटी तेल आणि अडीच तास! कस्तुरचंद पार्काजवळचा माणूस त्याच एका गंजातून शंभर प्लेटा काढतो, त्याची बरोबरी एका शेगडीवर होत नसते. तर्री-पोहे बाहेर खायचे, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. मसाल्याचंही तेच. सावजी मटणाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा किमतीवर येऊन थांबला.

खरा फरक पडला तो सकाळचं करतानाच रात्रीचं ठरवायला लागलो तेव्हा. वरण मुद्दाम वाटीभर जास्त लावायचं आणि रात्री त्यात कणकेचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे सोडून वरणफळं करायची. वर कच्चं तेल, बाजूला कांदा. एकच भांडं, एकच आच, अर्ध्या तासात अभ्यासाला मोकळे. शिळी भाकरी कुस्करून कांद्याच्या फोडणीत. फेब्रुवारीचा हिशेब माणशी १,९५० आला, रकाना १६० वर. पार्टनरनं त्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या, ताळेबंद जुळल्यासारख्या.

मार्चमध्ये निकाल लागला. तो पास, मी नाही. पाच गुण.

त्या संध्याकाळी तो बाहेर जेवायला जाऊ म्हणत होता, मला माणसांत जायचं नव्हतं. मी गोळाभात लावला. हरभरा डाळीचा भरडा, त्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ आणि कडकडीत मोहन. घट्ट भिजवून लिंबाएवढे गोळे वळायचे. भातातलं पाणी आटत आलं की गोळे वर अलगद ठेवायचे, झाकण लावून आच मंद करायची. पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण गोळे फुटले की विरघळले हे कळायला मार्ग नसतो. फुटले नव्हते. ताटात गोळा कुस्करून भातात कालवला, वरून हिंग-मोहरीचं तेल, सोबत चिंचेचं सार. दोघंही फारसं बोललो नाही. त्यानं तीनदा वाढून घेतलं. सकाळी वही उघडली तर त्या तारखेपुढे त्याच्या अक्षरात होतं, “वाया: काही नाही.” असं तो एरवी कधी लिहीत नाही, रकाना कोराच सोडतो.

आता मे चालू आहे. पारा ४४ वर. सकाळचा भात दुपारी चारलाच वास मारतो, म्हणून एकदाच करायची चैन बंद, वाटी वाटी लावतो. रात्री विरजलेलं दही सकाळी दहापर्यंत दात आंबवतं. जूनमध्ये पार्टनर मुख्य परीक्षेच्या तयारीला पुण्याला जाणार आहे. भांड्यांची वाटणी झाली, कुकर माझ्याकडे, तवा त्याला. वहीचं अजून ठरलेलं नाही.

परवा अर्धा लिटरचं दही पार आंबलं. मी त्याचं ताक घुसळलं, बेसन लावलं, कढी केली, आणि ती बरी झाली. मग भांडण सुरू. तो म्हणे, दही म्हणून आणलं होतं, दही म्हणून खाल्लं नाही, नियमानं रकान्यात जाणार, वीस रुपये. मी म्हटलं, दोघांनी दोन-दोन वाट्या प्यायल्या ना? तो म्हणाला, बेसन वेगळं गेलं, गॅस वेगळा गेला, उलट तीस रुपये लिही. रात्री अकरापर्यंत चाललं. खालून काकूंनी आवाज दिला तेव्हा थांबलो. त्या तारखेपुढे त्यानं पेन्सिलीनं वीस लिहून ठेवले आहेत, आणि खोडरबर माझ्या कंपासात आहे.