छातीवरचं बाळ आणि मान

आज एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पुन्हा तेच. बाळ आईच्या छातीवर दिलं आणि वीस मिनिटांत परत काढलं. कांगारू केअर, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवणं, एका वेळी किमान तासभर तरी हवी. उचलण्या-ठेवण्यातच या जिवांची ताकद जाते, आणि तासाच्या आत झोपेची एक फेरीही पुरी होत नाही.

बाळाला फक्त टोपी, मोजे, डायपर. स्तनांच्या मधे उभं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, मान किंचित मागे. चूक होते ती इथेच. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, ऑक्सिजन उतरतो, मॉनिटर कोकलतो आणि बोल लागतो कांगारू केअरला! बाळाला छातीशी बांधायच्या कापडाची वरची कड कानाच्या जरा खाली ठेवा. छातीपाशी घट्ट, पोटापाशी सैल. बाळ पोटानेच श्वास घेतं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस.

जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. बाळ स्थिर असेल तर सीपॅपवरही (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरही) चालतं, फक्त नळी आईच्या कपड्यांना चिकटवून घ्या. आई सिझेरियनमुळे उठू शकत नसेल तर बाबा आहेत की. शर्टाची बटणं तेवढी उघडायची, परफ्यूम नको.