नखाची फुली

दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात गेले की डास चावतो. आधी नाही, नंतर नाही. परवा उन्हं कलताना वाफ्यातलं तण काढत उकिडवा बसलो होतो. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात मुळासकट आलेलं गवत. पॅंट वर सरकलेली, मोजा खाली घसरलेला, आणि मधे उघडी पडलेली दोन बोटं जागा. एवढ्या मोठ्या देहात तिला नेमकी तीच सापडली. ‘तिला’, कारण चावते ती मादीच. अंडी घालायला तिला रक्त लागतं, नराचं फुलांतल्या रसावर भागतं. हे कळून खाज तसूभरही कमी होत नाही.

उजव्या पायाच्या अंगठ्याने डावा घोटा खाजवायला गेलो आणि तोल जाऊन वाफ्यातच बसलो. तीन रोपं गेली. मग उठून हात धुतले, आणि पाच वर्षांचा असल्यापासून जे करत आलोय ते केलं. चावल्याजागी उठलेल्या गांधीवर नखाने फुली मारली. आधी आडवी रेघ, मग उभी.

हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. तुम्हालाही आठवणार नाही. पण मारता ना? काही लोक अधिकचं चिन्ह काढतात, काही गुणाकाराचं. एक मावसबहीण तर चार रेघा मारून फुली-गोळ्याचा पट आखायची. माझं मत असं की रेघा काटकोनातच हव्यात आणि पहिली रेघ जरा निर्दय हवी. याला आधार काहीही नाही. पण तिरकी फुली पडली की मी पुसल्यासारखं करून पुन्हा मारतो.

फुलीने बरं का वाटतं, याचं उत्तर मात्र आहे. वेदना झाली की मज्जारज्जूत खाजेचा निरोप काही काळ दाबला जातो. खाजवण्याचंही तेच. फक्त तिथे एक गोम आहे. २०१४ साली उंदरांवर झालेल्या एका संशोधनात दिसलं, की खाजवल्याने दुखतं म्हणून मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो, आणि तेच सेरोटोनिन खाजेच्या पेशींना पुन्हा चेतवतं. म्हणजे खाजवण्याची मजुरी खाजेतच मिळते. सॅम्युअल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने १६६० साली खाजेची व्याख्या केली होती: जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी जाणीव. साडेतीनशे वर्षांवर लोटली, तरी डॉक्टर मंडळी अजून त्याच व्याख्येपासून सुरुवात करतात. करणार काय, दुसरं सांगण्यासारखं आहे काय तिच्यात?

खरं तर डासाने फार काही केलेलं नसतं. रक्त गोठू नये म्हणून थोडी लाळ सोडलेली असते, बस. ती परकी लाळ पाहून आपलंच शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, जागा लाल करतं, सुजवतं. पाहुणा केव्हाच गेलेला असतो आणि घरातले अजून भांडत असतात.

यावरून आजोबा आठवले. परसात काम करायला निघाले की त्यांचा अवतार बघण्यासारखा असायचा. विटून पांढुरका झालेला लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली, पॅंटचे पाय मोज्यांत खोचलेले, कानावरून रुमाल. आम्ही मुलं ‘सर्कस आली’ म्हणून ओरडायचो आणि उघड्या पोटऱ्यांनी त्यांच्यामागे हिंडायचो. संध्याकाळी आम्ही फुल्या मारत बसायचो, आजोबा निवांत. गडद कपड्यांकडे डास जास्त वळतात हे मी फार उशिरा वाचलं. आजोबांनी वाचलं होतं की शर्टच आपसूक विटला होता, कोण जाणे.

एकदा मात्र मला मधमाशी चावली. अंगठ्याला. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती कातडीत अडकते, माशी उडते आणि मागे राहिलेली विषाची पिशवी एकटीच धडधडत राहते. मी बोंब मारली. आजी-आजोबा दोघेही धावत आले, आणि तिथेच त्यांचं जुंपलं.

“अहो, चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाते. नखाने खरवडून काढा.”

“अगं, खरवडलं तर मोडून आत राहील. चिमटा आण.”

“चिमट्याने सगळं विष आत जाईल!”

“कुणी सांगितलं तुला?”

मी अंगठा वर धरून उभा. एकदा आजीकडे बघतोय, एकदा आजोबांकडे. नांगी आपली आत काम करतेय. शेवटी मीच ती ओढून काढली, कशी ते आठवत नाही, बहुतेक दातांनी. दोघेही एकदम म्हणाले, “असं नाही करायचं!” मग ओला गार फडका आला, हात उंच धरायचा हुकूम झाला, आणि वाद स्वयंपाकघरात गेला.

त्याचा निकाल १९९६ साली लागला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. त्यासाठी माणसांनी स्वतःच्या हातावर मधमाश्या मुद्दाम चाववून घेतल्या होत्या. निष्कर्ष असा की खरवडा नाहीतर चिमटीत धरा, फरक पडत नाही. फरक पडतो तो सेकंदांनी. जितका उशीर, तितकी मोठी गांध. म्हणजे त्या दुपारी दोघेही सारखेच चुकत होते. हे ऐकायला दोघांपैकी कुणीच राहिलेलं नव्हतं. असते तरी आजीने विचारलं असतं, “पण खरवडलं तर काय बिघडतं?”

‘गांध’ म्हटलं की गांधीलमाशी आली. जी चावल्यावर गांधी उठतात ती गांधीलमाशी, असं मी लहानपणी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिची नांगी अडकत नाही, ती हवी तितक्यांदा चावते. लाल मुंग्यांबद्दल मला बोलायचंच नाही. कुंडी उचलली की कळतं.

हल्ली मी आजोबांसारखाच सजतो. आधी सनस्क्रीन, वरून डास पळवणारं मलम, क्रम चुकवायचा नाही. त्या मलमातलं डीट नावाचं रसायन अमेरिकन सैन्यात १९४६ साली वापरात आलं. ते डासाला मारत नाही, फक्त त्याच्या लेखी आपण नकोसे होतो. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओततो, कारण उबेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ओट्यावर बसताना पंखा लावतो. डास उडण्यात कच्चे, वाऱ्यापुढे त्यांचं चालत नाही. मध्यंतरी न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळवणारं यंत्रही आणलं होतं. त्यावर एक डास बसलेला पाहिला आणि ते कपाटात ठेवून दिलं. एवढं सगळं करून दोन बोटं जागा राहतेच. तिच्यासाठी साबण-पाणी, बर्फाचा खडा, खाजेवरचं गुलाबी कॅलामाइन. आणि फुली.

माझा एक मित्र या गप्पांत हसत नाही. कुंपण नीट करताना त्याला गांधीलमाशी चावली, एकच, हातावर. हातावर फारसं काही दिसलंही नाही. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. “श्वास,” एवढंच म्हणाला. मी शेजारीच होतो. मी बर्फ शोधत होतो. घसा आवळायला लागला की अ‍ॅड्रेनलिन लागतं, ताबडतोब, हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मला बाजूला सारलं, गाडी काढली.

आता तो खिशात त्याच औषधाचं इंजेक्शन बाळगतो. तो आला की आम्ही आत बसतो, खिडकी लावून, आणि काचेतूनच वाफे बघतो. परवा संध्याकाळी आला होता. बोलता बोलता माझा हात घोट्याकडे गेला. तो तसाच परत घेतला.