चांदीचा माज आणि माझी वही

९ मे, शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा

झोपायला पाहिजे खरं तर, पहाटे सव्वाचारला परत उठायचंय, पण आज आमच्या चांदी गाईचं नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

सुरुवातच वाईट झाली. धारेला बसायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीनचार धारा काळ्या ताटलीत काढून बघायच्या हा माझा नियम, आबा (सासरे) त्याला "ताटलीचं कौतुक" म्हणतात, तर आज ढवळीच्या मागच्या उजव्या सडातनं बारीक गुठळ्या आल्या. हात लावला तर कासेचा तेवढाच कप्पा गरम आणि जरा कडक. दगडी, म्हणजे कास सुजायचा रोग. माझ्या पोटात गोळाच आला कारण हे कशामुळं झालं ते मला पक्कं माहीत होतं. परवा संध्याकाळी शेजारच्या हळदीला जायचं म्हणून मी घाई केली, धार काढून झाल्यावर गव्हाणीत वैरण टाकायला उशीर केला, आणि समोर खायला काही नाही म्हणल्यावर गाय लगेच खाली बसली. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, त्या वेळात ती शेणात बसली की झालं. औषधात सड बुडवायचं पण त्या दिवशी राहिलं होतं, कारण बाटली संपली होती आणि आणू उद्या आणू उद्या करत चार दिवस गेले होते. हळदीत दोन तास बसले त्याचं हे बिल.

ढवळीला सगळ्यात शेवटी घेतलं, मशीन न लावता हातानं, दूध वेगळ्या बादलीत. डॉक्टर नऊला आले, सडात ट्यूब सोडली, तीन दिवस सोडायची आणि शेवटच्या ट्यूबनंतर अजून तीन दिवस दूध डेअरीला घालायचं नाही म्हणाले. हे म्हणले, "बाकीचे तीन सड तर चांगलेत की, तेवढं घालू." पण तसं नसतं ना, औषध एका सडात सोडलं तरी रक्तात उतरून बाकीच्या सडातही येतं. गेल्या वर्षी असंच एका गाईचं दूध चुकून घरात वापरलं गेलं तर त्याचं दहीच लागेना, आई दोन दिवस विरजणाला दोष देत होत्या. विरजण बिचारं मेलं होतं औषधानं. तेव्हापासून मी या बाबतीत ऐकत नाही कुणाचं. ढवळी दिवसाला १६ लिटर देते, सहा दिवसांचे ९६ लिटर, लिटरला ३३ धरले तरी तीन हजाराच्या वर उकिरड्यात. डॉक्टर आणि औषध वेगळं. वहीत लाल पेनानं लिहिलं, पुढं कंसात "हळद".

दूध संकलन केंद्रावर पण तोंड गोड झालं नाहीच. फॅट ३.४ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.३. दर सगळा ३.५ आणि ८.५ वर, खाली गेलं की पॉइंटला कट. उन्हाळ्यात असंच होतं, गाई उन्हानं धापा टाकतात, वैरण कमी खातात, पाणीच पाणी पितात, मग फॅट कुठून येणार. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सरकारचं लिटरला ७ रुपये अनुदान होतं तेव्हा जरा बरं वाटायचं, पण त्याला कानातला बिल्ला लागायचा, बारा आकडी नंबर ऑनलाइन जुळायला पाहिजे, आणि आमच्या एका शहाणीनं नेमका तेव्हाच गव्हाणीच्या लोखंडात कान घासून बिल्ला तोडून टाकला. त्या बिल्ल्यासाठी मी गव्हाणीतलं उष्टं अर्धा तास चाळलंय. सापडला तो शेणात.

दहानंतर मुरघासाची (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीची) नवीन बॅग फोडली. फेब्रुवारीत मका दाणा दुधाळ-चिकट असताना कापून भरलेली. वरचा वीतभर थर काळपट निघाला, बुरशी, तो सगळा काढून टाकला, जीव तुटतो टाकताना पण गाभण गाईच्या पोटात बुरशी घालून गाभ घालवण्यापेक्षा परवडलं. खालचा माल मात्र एक नंबर. पिवळसर हिरवा, आंबूस वास, मुठीत दाबला तर पाणी गळत नाही. टोपली आणताना वास आला तशा सगळ्या अकरा जणी माना वर करून माझ्याकडंच बघायला लागल्या. आमच्या फलटण भागात ऊस तुटायला लागला की सगळ्यांचा ओढा वाढ्याकडं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याकडं, फुकटात किंवा स्वस्तात मिळतं म्हणून. मी पण घालते, पण चुन्याची निवळी शिंपडून आणि बरोबर दुसरं काहीतरी, नुसत्या वाढ्यावर गाई ठेवल्या की त्यातला ऑक्झलेट कॅल्शियम धरून बसतो आणि व्यायल्यावर गाय आडवी होते. हे आम्ही एक गाय आडवी झाल्यावर शिकलो, रात्री दोनला सलाईन धरून उभं राहून.

दुपारी पत्र्यावर पाचट टाकून पाणी मारलं. हौद घासून चुना लावला. या दिवसात एकेक गाय शंभर लिटरपर्यंत पाणी पिते आणि पाणी कोमट असलं की तोंड फिरवते, नखरे तर असे की विचारू नका.

आता मुख्य गोष्ट. चांदी फेब्रुवारीत व्यायली. १५ एप्रिलला माज (गाय भरवण्याजोगी झाल्याची खूण, साधारण २१ दिवसांनी परत येते) दिसला होता पण डॉक्टर म्हणाले गर्भपिशवी अजून साफ नाही, हा एक जाऊ द्या. मी २१ दिवस मोजून ६ मेवर गोल केला. दोन दिवस अलीकडं, तीन दिवस पलीकडं, पहाटे, दुपारी, संध्याकाळी बघतेय, काही नाही. ना हंबरणं, ना दूध कमी, ना दुसरीच्या अंगावर उडणं (ती बांधलेली असते, उडणार कशी म्हणा). आज संध्याकाळी मी वहीत लिहून मोकळी झाले, "चांदी, माज नाही, डॉक्टरांना विचारणे, इंजेक्शन?" आणि जेवताना आबांना तसं सांगितलं पण. एक माज चुकला की २१ दिवस गेले, तेवढे दिवस पुढचं वेत लांबलं, खाणं मात्र रोजचं तेवढंच, असं सगळं गणित पण ऐकवलं. आबा भाकरी मोडत नुसतं हूं म्हणले.

पावणेदहाला गोठ्यातनं हाक. "ये गं बाळ, बॅटरी आण."

गेले तर चांदी उभी. बाकी सगळ्या बसून रवंथ करतायत आणि ही एकटी उभी, कान टवकारलेले, शेपटी जरा बाजूला. मागं बॅटरी मारली तर सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबतोय, काचेसारखा स्वच्छ, तुटत नाही असा. मुका माज, हंबरणं-बिंबरणं काही नसलेला. दिवसभर उन्हानं दाबलेला, रात्री गार झाल्यावर बाहेर आलेला. आबांची बाज गोठ्याच्या दारातच असते, ते म्हणले कालपण रात्री ती दोनदा उठली होती, शंका आली होती पण सोट नव्हता म्हणून बोललो नाही.

मी म्हणलं, आबा मी इतके दिवस बघतेय की हो, वहीत सगळं लिहिलंय.

"वही गोठ्यात झोपती का?" एवढंच म्हणले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

राग आला, खरं सांगते. २१ दिवसांचा गोल मी केला नसता तर त्यांनी तरी या आठवड्यात चांदीकडंच का बघितलं असतं? पण हेही खरं की माझ्या वहीत रात्री आठच्या पुढचा रकानाच नाही. धार झाली, वैरण टाकली, मी घरात, सीरियल नाहीतर मोबाईल. आता रकाना आखलाय पट्टीनं. "रात्री १०, बॅटरी." खाली पहिली नोंद, ९ मे, चांदी, सोट स्वच्छ, बघितलं आबांनी.

माज रात्री दिसला म्हणजे भरवायची (रेतन करायचं) सकाळी. डॉक्टरांना साडेसहाला फोन करायचा, त्याआधी ते उचलत नाहीत. यावेळी कालवडीच्या सीमेनचं (ज्यानं बहुतेक कालवडच होते) विचारणार आहे, महाग आहे पण मागचे दोन्ही गोऱ्हेच झालेत. उद्या भरवलेली टिकली तर फेब्रुवारीच्या मध्याला व्यायला येईल, ऐन वाढ्याच्या दिवसात, म्हणजे चुना आत्तापासून लक्षात ठेवा.

ढवळीचं सड रात्रीच्या धारेला जरा मऊ वाटलं. सडाच्या औषधाची बाटली आणली, दोन आणल्यात. पेंडीचं शेवटचं पोतं उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल, परवा रविवार, दुकान बंद, म्हणजे उद्याच आणायला लागणार.