तुम्ही विचारलंत म्हणून: 2020चं जेतेपद खरं की अर्धं?

मी लॉस एंजेलिसला राहते आणि इथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाची चाहती आहे, एवढं कळलं की बेसबॉल जाणणारा माणूस हमखास विचारतो, "2020चं जेतेपद तुम्ही खरं धरता का?" ऑफिसातला सॅन फ्रान्सिस्कोचा सहकारी तर दर मोसमाच्या सुरुवातीला विचारतो. गेल्या वर्षी पुण्याहून भाच्यानंही विचारलं, "मावशी, 60 सामनेच झाले ना गं त्या वर्षी? मग?"

मी ते खरं धरते. पण आक्षेप पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

भाचा आयपीएलवर वाढलाय. 2020ची आयपीएल अमिरातीत झाली, तेव्हा सगळ्या संघांचे मिळून 60 सामने होते. त्यामुळे एकेका संघाला 60 सामने म्हणजे त्याला भरपूरच वाटतात. बेसबॉलमध्ये एक संघ एरवी सहा महिन्यांत 162 सामने खेळतो, जवळजवळ रोज. उत्तम संघही त्यातले साठेक हरतो. एका दिवसाच्या निकालात नशिबाचा वाटा इतका मोठा असतो की खरा कस कळायला महिने जावे लागतात. 2019मध्ये वॉशिंग्टनचा संघ पहिल्या 60 सामन्यांनंतर 27 विजय आणि 33 पराभव अशा अवस्थेत होता. ऑक्टोबरात तोच जगज्जेता ठरला. मोसम 60 सामन्यांचा असता तर त्यांचं नावही कुणी घेतलं नसतं.

2020मध्ये कोविडमुळे 12 मार्चला सराव सामने थांबले. मग पगारावरून मालक आणि खेळाडूंच्या संघटनेची ओढाताण जूनपर्यंत चालली. ती मला तेव्हाही लाजिरवाणी वाटली होती, कारण बाहेर माणसं मरत होती. शेवटी 60 सामने ठरले आणि 23 जुलैला, रिकाम्या मैदानात, मोसम सुरू झाला. एका आठवड्यात मायामीच्या संघात साथ पसरली. मग सेंट लुईसच्या. त्यांचे सामने दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिले आणि पुन्हा खेळायला निघाले तेव्हा प्रत्येकानं वेगळी गाडी भाड्यानं घेतली. 41 गाड्या शिकागोकडे निघाल्या. त्यांचे शेवटी 58च सामने झाले, म्हणजे 60सुद्धा सगळ्यांच्या वाट्याला आले नाहीत.

डॉजर स्टेडियमच्या पार्किंगमध्ये त्या उन्हाळ्यात कोविडची चाचणी व्हायची. आम्हीही तिथल्या रांगेत गाडी लावून बसलो होतो. समोर मैदान, आत शिरायला बंदी. सामने टीव्हीवरच. खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक आणि स्पीकरमधून गर्दीचा आवाज. इथे संध्याकाळचे सात वाजले की साताऱ्यात सकाळचे साडेसात. आई तिथे एकटी होती, विमानं बंद होती. सामना लावून मी तिला फोन करायचे. तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण ती रोज विचारायची, "काल जिंकले का गं तुझे?" रोज काहीतरी नवं घडलंय, आणि ते आजाराच्या आकड्यांपेक्षा वेगळं आहे, एवढ्यासाठी मी त्या मोसमाची आजन्म ऋणी आहे.

आता जेतेपदाचं. डॉजर्सनं 60पैकी 43 सामने जिंकले. 162च्या हिशेबात तो वेग 116 विजयांचा होतो. प्लेऑफमध्ये त्या वर्षी दोन्ही लीग (बेसबॉलचे दोन गट, नॅशनल आणि अमेरिकन) मिळून दहाऐवजी सोळा संघ घेतले होते, त्यामुळे एक फेरी वाढली. एरवी 11 विजयांत संपणारी वाट 13 विजयांची झाली आणि मधल्या दोन फेऱ्यांत सुट्टीचा दिवसच नव्हता. अटलांटाविरुद्धच्या मालिकेत ते 1-3 असे मागे होते, तिथून सलग तीन जिंकले. त्या अटलांटा संघात फ्रेडी फ्रीमन होता. जुलैत त्याचा ताप 104.5पर्यंत चढला होता. तो वाचला, खेळला आणि त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा तो किताब अर्धा आहे असं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. 27 ऑक्टोबरला टेक्सासात आर्लिंग्टनला आमचा पिचर (चेंडू टाकणारा) उरियासनं शेवटचा बळी घेतला आणि 1988नंतर पहिल्यांदा आम्ही जिंकलो.

त्याच रात्रीची एक गोष्ट मात्र मला आजही सलते. सामना चालू असतानाच आमच्या जस्टिन टर्नरची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली, त्याला आठव्या इनिंगमध्ये बाहेर काढलं, आणि तरी तो जल्लोषाला मैदानात परतला. मास्क काढून संघाबरोबर फोटोला बसला, कॅन्सरमधून उठलेल्या प्रशिक्षक डेव्ह रॉबर्ट्सच्या शेजारी. टर्नर माझा लाडका खेळाडू. ते चुकीचंच होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सहकाऱ्याची तक्रार मी खरी मानते. त्यांचा बस्टर पोझी त्या वर्षी खेळलाच नाही, कारण त्यानं आणि त्याच्या बायकोनं दत्तक घेतलेल्या जुळ्या मुली अपुऱ्या दिवसांच्या होत्या. संघ 29-31वर थांबला. मिलवॉकीही 29-31. एरवी अशी बरोबरी सुटायला एक जादा सामना झाला असता. त्या वर्षी नियमाच्या कलमानं मिलवॉकी पुढे गेलं आणि पहिल्याच फेरीत डॉजर्सकडून हरलं. एक विजय जास्त असता तर समोर सॅन फ्रान्सिस्को असतं. पोझी असता तर तो एक विजय मिळाला असता का? मला वाटतं, मिळाला असता.

तरीही जेतेपदापुढे चांदणी (*), म्हणजे "हे पूर्ण धरू नका" अशी खूण, काढायला माझा विरोध आहे. ज्यांचं त्या वर्षी खरोखर गेलं, ते त्या चांदणीच्या वादात दिसतच नाहीत. बॉस्टनच्या एदुआर्दो रॉड्रिगेझच्या हृदयाला कोविडनंतर सूज आली आणि त्याचा अख्खा मोसम गेला. डॉजर्सनं नुकताच आणलेला डेव्हिड प्राइस घरच्यांच्या काळजीनं खेळलाच नाही. त्याच प्राइसनं जूनमध्ये डॉजर्सच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे मोठ्या संघात पोचण्याआधी खालच्या संघांत खेळणाऱ्या, पोरांना प्रत्येकी एक हजार डॉलर स्वतःच्या खिशातून दिले होते.

ही पोरं मला सगळ्यात जवळची. आमच्या घरापासून रँचो कुकामोंगाचं छोटं मैदान जवळ आहे, तिथे डॉजर्सचे विशीतले खेळाडू खेळायचे. मुलांना घेऊन आम्ही उन्हाळ्यात जायचो. कुंपणापाशी उभं राहिलं की ते चेंडूवर सही करून द्यायचे, स्पॅनिश उच्चाराच्या इंग्रजीत मुलांशी बोलायचे. 30 जूनला मायनर लीगचा मोसम पूर्ण रद्द झाला. भाच्याला सांगितलं, तुमच्याकडे 1934पासून कधी न चुकलेली रणजी त्या वर्षी झाली नाही ना, तसंच. आयपीएल मात्र झाली. मेच्या शेवटी देशभरात शेकडो पोरांना संघांनी सोडूनही दिलं होतं. उरलेल्यांना आठवड्याला 400 डॉलर भत्ता होता. पुढच्या वर्षी मायनर लीग परतली तेव्हा मोठ्या संघांशी जोडलेले 160 संघ उरले 120.

विशीतल्या खेळाडूचं एक वर्ष म्हणजे शरीर घडण्याचं, कुणाच्या तरी नजरेत भरण्याचं वर्ष. 2021च्या मेमध्ये रँचो कुकामोंगाला पुन्हा सामने सुरू झाले आणि आम्ही गेलो, तेव्हा मुलांनी जुन्या सहीच्या चेंडूवरची नावं एकेक करून विचारली. काही वरच्या संघात गेले होते. दोघांना सोडून दिलं होतं, ते मी मुलांना सांगितलं.