सिकलसेलच्या अभ्यासाला परवानगी मिळवताना: माझा अनुभव

पूर्व विदर्भातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी औषधवैद्यकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे येणारे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे अनेक रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया सुरू करतात आणि मध्येच सोडून देतात. या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, परंतु पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने वेळोवेळी रक्त तपासावे लागते, आणि त्यासाठी मजुरी बुडवून दूरवरून यावे लागते. औषध नेमके कोण सोडते व का, याची शिस्तशीर नोंद व्हावी म्हणून मी अभ्यास आखला. आराखडा आणि प्रश्नावली विनासायास मंजूर झाली.

घोडे अडले ते नीतिसमितीपाशी, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासून परवानगी देणाऱ्या समितीपाशी. 2019 च्या नियमांनुसार अशा समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते, आणि आमच्या समितीची ती नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान सात सदस्य हवेत, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचेच. गावातले वकील आणि एक निवृत्त शिक्षिका आनंदाने तयार झाल्या, तेव्हा मला वाटले की आता काम झाले. प्रत्यक्षात आमच्याच कार्यालयात फाइल एका टेबलावरून हलेना. एकदा सदस्यांच्या संमतीपत्रावर तारीख नाही म्हणून ती परत आली. तारीख घालून दिली तर अध्यक्षांच्या परिचयपत्राच्या प्रत्येक पानावर सही नाही, असा शेरा पडला. त्यानंतर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले गेले. या साऱ्या त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. दरम्यान औषध सोडलेली एक मुलगी नडगी दोन्ही हातांनी घट्ट दाबून वॉर्डात कण्हत होती. तिला प्रश्न विचारण्याची परवानगी माझ्याकडे नव्हती, आणि परवानगीशिवाय विचारणे मला मान्यही नव्हते.

त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की संशोधनाचा विषय ठरण्यापूर्वीच समितीची नोंदणी आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे पाहून घ्यावे. बाहेरच्या सदस्यांची कागदपत्रे त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून पूर्ण करावीत. सीटीआरआय, म्हणजे देशातील वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतली नोंदणी निःशुल्क आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. समितीचे पत्र येईपर्यंत बाकीचा अर्ज भरून ठेवावा.

अखेर नोंदणी झाली आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत त्या शिक्षिकांनी विचारले, की ज्या दिवशी रुग्ण प्रश्नावलीसाठी थांबेल, त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देणार. आम्हा डॉक्टरांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते. आराखड्यात मजुरी व प्रवासखर्चाची तरतूद त्याच दिवशी घातली गेली, याचा मला अभिमान वाटतो.

एक सांगायचे राहिले. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या संमतीपत्रावर अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार संशोधन चमूतला चालत नाही. त्याची सोय आधीच करून ठेवावी.